कारणाचा रकाना

"हा रस कोणी काढला?"

तपासनीसाने अगदी हळू विचारलं. काळी हॅट, हॅटवरून आमच्या कारखान्याची प्लास्टिकची टोपी, एका हातात वही आणि सफरचंदाने फुगलेला कोटाचा खिसा. चार नंबरच्या टाकीपाशी बेलू उभी होती. तिच्या हातात नमुन्याची बरणी, बरणीत गडद जांभळा द्राक्षरस, वरचा फेस अजून बसला नव्हता. मी दाराशी होते. पाळणाघरातून फोन आला होता, याएलला ताप आहे म्हणून. तो बंद करून मी आत शिरतच होते.

बेलूने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"मी काढला," ती म्हणाली.

"नाव?"

"बेलाइनेश अडिसू."

"जन्म?"

"गोंदारजवळ. इथिओपिया. आठ वर्षांची असताना इथे आले."

"हं," तो म्हणाला आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग आमच्या मॅनेजरला, गिदोनला, खांद्याला धरून कोपऱ्यात घेऊन गेला.

हे घडलं त्याला आता सात वर्षं झाली. गाव दिमोना, इस्रायलच्या दक्षिणेला, वाळवंटात. इथे भाजीवालीशी मराठीत घासाघीस करता येते, इतके आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, आहोत. मी मूळची पनवेलची. बी.एस्सी. झाले, हसकेलशी लग्न केलं आणि इथे येऊन द्राक्षरसाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागले. टाक्यांतून नमुने काढायचे, साखर-आंबटपणा मोजायचा, बशीत बुरशी उगवते का पाहायचं. काम माझ्या स्वभावाला साजेसं. घराबाहेर पडताना तीनदा मागे जाऊन गॅस बघणारी बाई मी. भिंतीवरच्या सगळ्या पाट्या मला पाठ होत्या: हात धुवा, टोपी घाला, नमुना चालू असताना जागा सोडू नका.

कोशेर, म्हणजे आमच्या धर्माला चालणारं खाणंपिणं, याचे नियम पुष्कळ. पण द्राक्षाच्या रसाचा आणि वाइनचा नियम सगळ्यांत कडक. उघड्या रसाला ज्यू माणसाखेरीज कुणाचा हात लागता कामा नये, लागला तर तो बाद. इतकी वर्षं गावचे रबाय, म्हणजे धर्मगुरू, येऊन बाटल्यांना शिक्का देत होते आणि बेलू तोट्या उघडत होती. कुणाला काही वाटलं नव्हतं. पण मालकाला आता उत्तरेतल्या कर्मठ घरांमध्ये बाटल्या विकायच्या होत्या. तिथे एका जास्त कडक मंडळाचा शिक्का लागतो. हा तपासनीस त्या मंडळाचा.

गिदोन परत आला तो हात चोळतच.

"अबिगेल, आजपासून तोट्या तू सांभाळ. बेलाइनेश खोकी भरायला जाईल."

"का?"

"त्या लोकांच्या ज्यू असण्याबद्दल मंडळाची खात्री पटलेली नाही."

"आणि माझ्याबद्दल?"

"तुमचं भारतातल्यांचं केव्हाच ठरलंय. पन्नास वर्षं होत आली." त्याने हे असं सांगितलं, जणू माझ्या हातावर पेढा ठेवतोय.

मी "बरं" म्हटलं. तेवढंच म्हटलं.

बेलूने अंगावरचा पांढरा कोट काढला, नीट चौघडी घातली आणि माझ्या टेबलावर ठेवला. जाताना म्हणाली, "याएलला किती ताप आहे?"

*

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. संध्याकाळी दिवे लावून किद्दुश करायचं, म्हणजे रसाच्या पेल्यावर आशीर्वाद म्हणून शब्बाथची, शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाची, सुरुवात करायची. टेबलावर आमच्याच कारखान्याची बाटली होती. याएलचा ताप उतरला होता. ती टेबलाखाली बसून चमच्याशी बोलत होती. माझ्या सासूबाई, मिल्काबाई झिराडकर, भाकऱ्या थापत होत्या.

"अबी, कालपासून तोंड का गो एवढंसं? पोरगी तर बरी आहे."

"काही नाही आई. काम बदललं. आता तोट्याही माझ्याकडे."

"मग बेलू काय करते?"

"खोकी भरते."

"हात दुखतो तिचा?"

मी ताटं मांडायला लागले. त्यांनी तवा उतरवला, हात पुसले आणि समोर येऊन बसल्या. माझ्याकडून काढून घ्यायला त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत. तपासनीस, खात्री, आमचं ठरलेलं असणं, सगळं मी सांगितलं. एक गोष्ट सोडून.

त्या उठल्या. टेबलावरची बाटली उचलली आणि मोरीशेजारी, फिनेलच्या बाटलीजवळ नेऊन ठेवली. मग फडताळातून काळ्या मनुकांचा डबा काढला, कढत पाण्यात मनुका टाकल्या.

"आई, सूर्य बुडायला दोन तास आहेत. भिजणार कधी?"

"भिजतील तेवढ्या भिजतील. माझ्या आईने किहीमला जन्मभर मनुकांच्या शरबतावर किद्दुश केला. तिला कुठे बाटल्या मिळत होत्या?"

मनुका कुस्करता कुस्करताच त्या बोलल्या. माझ्याकडे न बघता.

"त्रेसष्ट साली मी वीस वर्षांची, इथे नवीनच आलेली. तुझ्या सासऱ्यांशी लग्न ठरलेलं. इथला रबाय म्हणाला, आईचं नाव सांग, तिच्या आईचं सांग, तिच्या आईच्या आईचं सांग, आणि कागद आण. म्हटलं, कागद कुठला? आमचा तेलाचा घाणा होता. शनिवारी बंद असायचा. सगळा गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचा. शेकडो वर्षं शनिवार पाळला, तो कुणाच्या वहीत नाही लिहिलेला. तेरा महिने लग्न अडलं माझं. शालू ट्रंकेत."

"पण मिटलं ना ते."

"मिटलं. आपली माणसं उन्हात रस्त्यावर जाऊन बसली म्हणून मिटलं. आणि त्यात आपली नसलेलीही होती." त्यांनी फडकं पिळलं. भांड्यात फिकट तपकिरी धार पडली. "आणि तू 'बरं' म्हणालीस."

त्या शुक्रवारचं शरबत पाणचट झालं होतं. हसकेलने पेल्यावर आशीर्वाद म्हटला, एक घोट घेतला आणि आईकडे बघून दुसरा घेतला.

*

इस्रायलमध्ये आठवडा रविवारी सुरू होतो. रविवारी सकाळी गिदोनने माझ्यासमोर बाद मालाचा फॉर्म ठेवला. तीन प्रती: पांढरी ऑफिसला, पिवळी मंडळाला, गुलाबी प्रयोगशाळेत. चार नंबरची टाकी बाद करायची होती. बारा हजार लिटर.

"कारणाच्या रकान्यात सहा टाक," तो म्हणाला.

सहा म्हणजे बुरशी.

"बशीत काही उगवलेलं नाही, गिदोन. आज सकाळीच पाहिली. स्वच्छ आहे."

"अगं, एक आकडा टाकायचाय. बुरशी लिहिली की रस ओतून देता येतो. विषय संपला."

"बुरशी लिहिली तर नमुना काढणारीचे हात घाण होते, असा अर्थ होतो. उद्या नवा मॅनेजर तिला काढून टाकेल."

"खोक्यांना कुणाचे हात लागतात ते कोण विचारतंय?"

मी पेन खाली ठेवलं. हिब्रूत अहो-जाहो नसतं, सगळ्यांना एकच तू. पण तो खुर्ची ओढून इतक्या आपुलकीने बसला की मी मनातल्या मनात त्याला तुम्ही म्हणायला लागले. घाबरले की माझं असं होतं.

"अबिगेल, तुला मुलगी आहे. तीन वर्षांची ना? उद्या मोठी होईल, लग्न ठरेल, नाव नोंदवायला जाईल. तिथे हीच माणसं असतात. तुमच्या लोकांचं प्रकरण एकदा बंद झालंय. ते बंदच राहू दे."

खरं सांगते, मला याएल दिसली, वीस वर्षांची, कुठल्यातरी कचेरीत बाकावर बसलेली, आणि समोरचा माणूस विचारतोय, आईचं नाव काय? आणि वहीची पानं उलटतोय.

"पाच मिनिटं दे," मी म्हटलं आणि खोक्यांच्या शेडमध्ये गेले.

बेलू चिकटपट्टीच्या यंत्राने खोकी बंद करत होती. टर्रर्र, टर्रर्र.

"बेलू, मी जाऊन सांगून टाकते."

"काय?"

"जे झालं ते."

"आणि मग?"

"मग रस सुटेल."

"हो, सुटेल," ती म्हणाली. "माझ्यापासून सुटेल." टर्रर्र. "हे बघ, तुला लिहायचं असेल तर बुरशी लिही. मी रागावणार नाही. मला तीन पोरं आहेत, त्यांना शाळेतून आणायचं असतं, शेडची वेळ उलट बरी आहे. पण ते दुसरं सांगू नकोस. ते सांगितलंस तर मात्र मी तुझ्याशी बोलणार नाही."

परत आले तेव्हा तपासनीसही टेबलाशी येऊन बसला होता. आज सफरचंद सोलत होता. मी उभ्यानेच फॉर्म भरला. कारणाच्या रकान्यात आकडा मावेल एवढीच जागा होती, म्हणून समासातून वर, मग बाजूने, असं लिहीत गेले:

"सापडलेला दोष: नाही. साखर, आंबटपणा, बुरशी: ठीक. बाद करण्याचं कारण: तपासनीसांच्या मते हा रस बेलाइनेश अडिसू यांनी काढला. त्या ज्यू आहेत. जन्म इथिओपियाचा."

खाली सही केली. पूर्ण नाव, आडनावासकट, आणि आईचं नावही, कारण आमच्यात ज्यूपण आईकडून येतं आणि अशा ठिकाणी आईचंच नाव विचारतात. मग फॉर्म तपासनीसापुढे सरकवला.

"दुसरी सही तुमची लागते. सही झाली की आजच टाकी रिकामी करते."

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. सफरचंदाची साल टेबलावर तशीच राहिली.

"मला हे लिहून घ्यायला सांगितलेलं नाही," तो म्हणाला.

"तोंडी सांगितलंय ना?"

"तोंडी सांगितलंय."

"मग तेच आहे."

तो तसा वाईट माणूस नव्हता. माझ्याच वयाचा असेल. कानाची पाळी लाल झाली होती. "बशी खरंच स्वच्छ होती?" त्याने विचारलं.

"दाखवू?"

"नको." त्याने पेन काढलं, टोपण उघडलं, परत लावलं. "मी वरती विचारून येतो," म्हणाला आणि गेला. तो परत सही करायला कधीच आला नाही. दोन सह्यांशिवाय टाकी ओतता येत नाही आणि भरताही येत नाही. गिदोनने तिच्या तोटीला सील लावलं. मग मला म्हणाला, "शेड एवढी आवडते ना तुला? जा मग."

गुलाबी प्रत मी जेवणाच्या डब्यात घडी करून घरी आणली. नियमाने ती प्रयोगशाळेत राहायला हवी होती. नियम मोडायची ती माझी पहिली वेळ, असं मी तेव्हा घरी सांगितलं.

*

सासूबाईंनी चष्मा लावून ती प्रत वाचली आणि कनवटीला लावल्यासारखी पर्समध्ये टाकली.

"आई, माझी सही आहे तिच्यावर."

"म्हणून तर नेते."

मंगळवारी शेगुल्ला रोहेकरांच्या नव्या घराचा मलिदा, म्हणजे आमचा देवाचे आभार मानायचा विधी, होता. गोड पोह्यांचं ताट मधोमध, फळं, गुलाबाची फुलं, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं गाणं. साठ-सत्तर मराठी बायका, एकीचं दुसरीला ऐकू येत नव्हतं. सासूबाईंनी ताटाशेजारी उभं राहून प्रत वाचून दाखवली, हिब्रूत आणि मग मराठीत.

"आपल्याला काय करायचंय त्यात?" पाठीमागून कुणीतरी म्हणालं. "आपलं नीट चाललंय."

"तुझं लग्न नीट व्हावं म्हणून माणसं रस्त्यावर बसली ना गो, तेव्हाही कुणीतरी असंच म्हणत होतं," शेगुल्लाबाई म्हणाल्या. "मिल्का, सांग, काय करायचं?"

"काही करायचं नाही. बाटली घ्यायची नाही, एवढंच. बेलू तोटीवर परत जाईपर्यंत. अनाशी ढाकायचा सण दोन-अडीच महिन्यांवर आलाय."

तो सण म्हणजे पेसाख. त्या दिवशी प्रत्येक माणसाने चार पेले प्यायचे असतात. कारखान्याच्या वर्षभराच्या बाटल्यांपैकी निम्म्या त्याच महिन्यात जातात.

"आणि चार पेले कशाचे?"

"मनुका काय परदेशातून आणायच्यात?" सासूबाई म्हणाल्या. "ज्यांना येत नाही त्यांनी माझ्याकडे या. शिकवते. पहिल्यांदा पाणचट होतं, घाबरायचं नाही."

मला वाटलं होतं, आठवडाभर चालेल. पण मराठी बायकांच्या शेजारणी मोरोक्कोच्या, त्यांच्या शेजारणी इथिओपियाच्या. बेलूच्या आईने गुलाबी प्रतीची छायाचित्रं काढून तिच्या सगळ्या गोतावळ्यात, मग पार बेर शेवा शहरापर्यंत पोचवली. तिसऱ्या आठवड्यात बाजारातल्या काळ्या मनुका संपल्या. दुकानदार मला ओरडून म्हणाला, "तुम्हा हिंदुस्थानी बायकांना अचानक झालंय काय?" मोरोक्कोची एक म्हातारी आमच्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली की यात दालचिनी हवी. सासूबाई म्हणाल्या, "वेलची." त्या दोघी पुढे पंधरा दिवस बोलत नव्हत्या, पण बाटली दोघींनीही घेतली नाही.

शेडमध्ये मात्र मी रोज मरत होते. बेलू आणि मी समोरासमोर खोकी भरायचो, आणि आधी भरून गेलेली खोकी दुकानांतून परत यायला लागली होती, ती उतरवायचो. एकदा ऑफिसच्या टेबलावर मला मंडळाने केलेली कामगारांची यादी दिसली. माझ्या नावापुढे पेन्सिलीने एक गोल केला होता.

"गोल म्हणजे काय असेल गं?" मी बेलूला विचारलं.

"गोल."

"चेष्टा करू नकोस. याएलच्या नावापुढे जर उद्या..."

"अबिगेल," ती म्हणाली, "माझ्या नावापुढे जन्मापासून गोल आहे. ये, इकडून धर, जड आहे."

पेसाखला अकरा दिवस राहिले असताना मालक स्वतः आला. त्याने परत आलेल्या खोक्यांची भिंत पाहिली, मग मला आणि बेलूला पाहिलं. म्हणाला, "तुमच्यापैकी लिहिणारी कोण?"

"मी."

"आणि जिच्याबद्दल लिहिलंय ती कोण?"

"मी," बेलू म्हणाली.

त्याने डोकं खाजवलं. दुसऱ्या दिवशी गावच्या रबायचा जुना शिक्का परत आला आणि कडक मंडळाची गाडी यायची बंद झाली. बेलू तोटीवर गेली. मी माझ्या टेबलाशी. माझ्या टेबलावर तिचा पांढरा कोट अजून तसाच, चौघडी घातलेला. गिदोनने स्वतःच्या हाताने चार नंबरच्या टाकीचं सील तोडलं. रस दोन अंश गार, ठणठणीत. तो बाटल्यांत भरला.

*

त्या शुक्रवारी बेलू तिच्या पोरांना घेऊन आमच्याकडे आली. येताना चार नंबरची पहिली बाटली घेऊन आली. सासूबाईंनी ती टेबलाच्या मधोमध ठेवली. त्यांच्या बोटांना अजून मनुकांचा तपकिरी रंग होता. नऊ आठवडे पिळून मनगटं सुजली होती. ती मनगटं बघूनच बहुधा मला राहवलं नाही.

"आई, एक सांगायचं राहिलंय. त्या गुरुवारी हा रस बेलूने काढलाच नव्हता."

"मग?"

"मी काढला होता. तोटी उघडली मी. पाळणाघराचा फोन आला, तशी बरणी तिच्या हातात देऊन मी बाहेर पळाले. नमुना चालू असताना जागा सोडली की लेखी ताकीद मिळते, तीन झाल्या की घरी. माझ्या दोन झालेल्या. तपासनीसाने विचारलं तेव्हा ती मला वाचवायला 'मी' म्हणाली. तिला कुठे माहीत होतं तो कशासाठी विचारतोय. आणि मी ताकिदीला घाबरून गप्प बसले."

बेलूला मराठी येत नाही. पण तिला कळलं. ती याएलच्या पानात बटाटा वाढत होती, ती तशीच थांबली.

"म्हणजे तू एक वाक्य बोलली असतीस," सासूबाई सावकाश म्हणाल्या, "तर हा रस पहिल्याच दिवशी सुटला असता."

"हो. माझा हात त्यांना चालत होता."

"आणि रविवारी? रविवारी का नाही बोललीस?"

"रविवारी बोलायलाच गेले होते, आई. हिने बोलू दिलं नाही."

सासूबाईंनी आपल्या बोटांकडे पाहिलं, मग बेलूकडे. हसकेल पेला भरायला उठला, त्याच्या हातातून त्यांनी बाटली काढून घेतली आणि बेलूपुढे धरली.

"तू ओत," त्या हिब्रूत म्हणाल्या. "या वेळी खरंच तू."

बेलूने पेला काठोकाठ भरला. थोडं टेबलक्लॉथवर सांडलं. तो डाग अजून आहे.

गेल्या महिन्यात याएलच्या शाळेने कागद मागितले. ती दहा वर्षांची झालीय, कपाटातली फाइल स्वतः काढते. जन्मदाखला, आमच्या लग्नाचा करारनामा, सासूबाईंचा तेरा महिने उशिराचा करारनामा, आणि त्यांच्यामध्ये एक फिकट गुलाबी कागद.

"हा इथे कसा? हा तर तुझ्या कारखान्याचा आहे," ती म्हणाली. "आणि रकान्याच्या बाहेर लिहिलंयस सगळं."

"ठेव तिथेच," मी म्हटलं. "उद्या कधी कुठे बसवून तुला कुणी विचारलं, तुझी आई कोण, तर बाकीच्या कागदांबरोबर हाही दे."